घरच्या गाडीचे स्टेअरिंग जड झाले तर



हंगाम जवळ आला की ट्रॅक्टर-ट्रॉलीची निगा आपण न सांगता करतो. ट्रॉलीचे टायर, हूक, ब्रेक, मागचे लाल रिफ्लेक्टर हे सगळे तोडणीची चिठ्ठी हातात पडण्याआधी पाहून ठेवतो. पण दारात उभी असलेली घरची मोठी गाडी, मग ती बोलेरो असो, स्कॉर्पिओ असो, जुनी सुमो असो नाहीतर पोराने हौसेने घेतलेली क्रेटा-ब्रेझा असो, ती चालते आहे तोवर तिच्याकडे कोणी वाकून बघत नाही. लग्नाला तीच, दवाखान्याला तीच, वार्षिक सभेला तीच आणि वेळप्रसंगी खताची पोती आणायलाही तीच. या लेखात तिच्या एकाच दुखण्याविषयी लिहायचे आहे. ते म्हणजे स्टेअरिंग जड लागणे.

हे दुखणे फार करून हळूहळू येते. रोज चालवणाऱ्याच्या हाताला त्याची सवय होते. सुटीला माहेरी आलेली लेक गाडी घेऊन बाजारात जाते आणि परत आल्यावर म्हणते, ‘‘अण्णा, केवढं जड झालंय हे! तुम्हाला जाणवत नाही?’’ अण्णांना खरोखरच जाणवलेले नसते. परंतु हंगामात रात्रीच्या वेळी समोर बिनदिव्याची ट्रॉली अचानक दिसली आणि गाडी बाजूला काढायची वेळ आली, तर त्या एका क्षणी जड स्टेअरिंग महागात पडते.

दुसरा प्रश्न पैशाचा. गॅरेजला गाडी नेली की कित्येकदा पहिलेच वाक्य कानावर येते, ‘‘पेटी गेलीय, बदलायला लागंल.’’ रॅक किंवा स्टेअरिंगची पेटी ही या सगळ्या जोडणीतील महागड्या वस्तूंपैकी एक. पहिल्या उचलीतला मोठा घास तिथे जातो आणि इतके करूनही स्टेअरिंग जडच राहिले, अशी उदाहरणे आपल्या भागात कमी नाहीत. म्हणून आमचे सांगणे असे की तपासणी जमिनीपासून सुरू करावी आणि वर चढत जावे. आधी टायर, मग चाकाचे सांधे, मग दांडा, मग पट्टा आणि तेल आणि सगळ्यात शेवटी पंप व पेटी. स्वस्त आधी, महाग नंतर.

त्याआधी थोडी विचारपूस करावी लागते. गुराला काही झाले तर डॉक्टर आधी विचारतो, वैरण खाते का, रवंथ करते का, कधीपासून. गाडीचेही तसेच आहे. स्टेअरिंग एकाएकी जड झाले की हळूहळू? गाडी उभी असतानाच जड लागते की चालतानाही? दोन्हीकडे सारखे जड आहे की एकाच बाजूला? वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येते की हाताने ओढून आणावे लागते? पूर्ण फिरवल्यावर किंचाळल्यासारखा किंवा गुरगुरल्यासारखा आवाज येतो का? एवढ्या पाच उत्तरांवर अर्धे निदान होते आणि ती उत्तरे मिस्त्रीकडे नसतात, मालकाकडेच असतात.

टायर आणि हवा

पुढच्या टायरात हवा कमी असली की टायर जमिनीवर जास्त पसरतो आणि उभ्या गाडीत तो घासून फिरवायला जास्त जोर लागतो. उपाय इतका साधा आहे की त्याच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. किती हवा भरायची ते चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. पुष्कळ गाड्यांत ते ३० ते ३५ पौंडांच्या दरम्यान असते. पण शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये. हवा टायर थंड असताना मोजावी. वीस मैल पळून आलेल्या टायरची हवा जास्तच दाखवते.

हौसेने रुंद टायर बसवले असतील तर स्टेअरिंग जड लागणारच, त्याला बिघाड म्हणता येत नाही. पुढे वजनदार लोखंडी गार्ड लावले असेल तर त्याचाही भार पुढच्या चाकांवरच येतो. या गार्डांवर कारवाई करावी असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना कळवलेले आहे. तेव्हा ते काढून ठेवले तर दोन्ही कामे होतात.

टायर एकाच कडेला झिजलेला दिसला तर चाकांची जुळणी बिघडलेली आहे. एखाद्या मोठ्या खड्ड्यात चाक आदळले, तेव्हापासूनच स्टेअरिंग जड झाले आणि गाडी एका बाजूला ओढते, असे असेल तर अलाइनमेंट करून घेण्याआधी खालचे आर्म, दांडे वाकलेले नाहीत ना ते पाहायला सांगावे. वाकलेल्या दांड्यावर अलाइनमेंट करणे म्हणजे फुटक्या पाटात पाणी सोडणे.

चाके उचलून पाहा

टायर ठीक असतील तर पुढची परीक्षा घरच्या अंगणात करता येते. जमीन सपाट आणि टणक हवी. हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा ओंडके लावावेत. जॅकने पुढची दोन्ही चाके जमिनीवरून उचलावीत आणि मजबूत स्टँड योग्य जागी लावून गाडी त्यावर टेकवावी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही, अगदी ‘‘एकच मिनिट’’ म्हणूनही, जाऊ नये. जॅक सटकून माणसे दगावली आहेत.

आता इंजिन बंद ठेवून, किल्लीने स्टेअरिंगचे कुलूप उघडून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. मदत नसल्याने ते थोडे जड लागेलच. पण ते सगळीकडे सारखे लागले पाहिजे. मध्येच अडकते, करकरते, एखाद्या जागी घट्ट होते, असे असेल तर दोष यांत्रिक आहे. चाके अधांतरी असताना सुरळीत फिरते आणि जमिनीवर टेकली की इंजिन चालू असूनही जड, तर टायर किंवा पॉवरची मदत यांपैकी काहीतरी कमी पडते आहे. इतक्या सोप्या परीक्षेने तपासाच्या दोन वाटा होतात आणि तरीही ती क्वचितच कोणी करते, याचे आश्चर्य वाटते.

यांत्रिक दोषांत आपल्या भागात सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे कोरडे पडलेले बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोके. चाकाजवळच्या या सांध्यांवर रबरी बूट असतो आणि त्यात ग्रीस असते. उसाच्या फडातली काळी माती, पाटाचे पाणी, सरीवरंब्यातून गाडी घालणे यांनी बूट फाटतो. मग ग्रीस वाहून जाते आणि चिखल आत बसतो. सांधा आधी जड होतो, नंतर झिजून ढिला होतो आणि शेवटी निसटतो. बॉल जॉइंट निसटला की चाक आडवे पडते, मग स्टेअरिंग कितीही हलके असले तरी उपयोग नाही. म्हणून जड स्टेअरिंग ही पहिली वर्दी समजावी.

चाके उचललेली असतानाच आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. घड्याळात तीन आणि नऊ जिथे असतात तिथे चाकाला दोन्ही हातांनी धरून हलवावे. खटखट लागली तर टाय रॉड संशयित. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवल्यावर खटखट आली तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग पाहावे लागेल. काही सांध्यांना ग्रीस भरायचे निप्पल असते, तिथे पंपाने ग्रीस भरावे. बऱ्याच नव्या गाड्यांचे सांधे बंदिस्त असतात. बूट फाटला आणि आत चिखल गेला की तो सांधा बदलणे हाच उपाय. सुईने ग्रीस टोचून त्याचे आयुष्य वाढत नाही.

इथे एका जुन्या सवयीविषयी लिहिलेच पाहिजे. गाडी धुतल्यावर गंजू नये म्हणून खालून डिझेल किंवा जळके ऑइल फवारतात. लोखंड चकाकते खरे, परंतु डिझेल रबराला फुगवते आणि मऊ करते. सगळे बूट, बुश त्यानेच लवकर जातात. एवढेच कशाला, त्या तेलाला धूळ चिकटून खाली जो थर होतो, त्यात खरी गळती कुठे आहे तेही कळत नाही.

दांड्याचा सांधा

स्टेअरिंगपासून खाली पेटीपर्यंत जो दांडा जातो, त्यात एक-दोन लहान युनिव्हर्सल जॉइंट असतात. ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टला असतात तशाच जातीचे, आकाराने लहान. इंजिनाची उष्णता आणि धुताना जोराने मारलेले पाणी यांनी ते गंजतात. याची खूण अगदी ठरलेली आहे. स्टेअरिंगच्या एका पूर्ण फेऱ्यात दोनदा घट्ट आणि दोनदा सैल लागते.

एका सभासदाची गाडी पावसाळाभर गोठ्याशेजारच्या पडवीत जवळजवळ उभीच होती. दसऱ्याला बाहेर काढली तर स्टेअरिंग जड. तालुक्याच्या गावी रॅक बदलण्याचा सल्ला मिळाला. सुदैवाने पैशाची जुळणी होईपर्यंत गाडी गावातल्या एका म्हाताऱ्या फिटरने पाहिली.

‘‘तात्या, हुबी असताना जड लागतंय का चालताना?’’

‘‘दोन्ही येळेला.’’

‘‘वळण संपल्यावर आपसूक सरळ येतंय का?’’

‘‘न्हाई. वढून आणावं लागतंय.’’

‘‘आन् फिरवताना कसं? सारखं जड, का मधी मधी?’’

तात्यांनी स्टेअरिंग फिरवून पाहिले. ‘‘मधी मधी. घट हुतंय, सुटतंय, परत घट हुतंय.’’

‘‘मग प्याटी कशाला बदलताय? हितं बघा,’’ असे म्हणून फिटरने बॅटरी घालून दांड्याचा तांबारलेला सांधा दाखवला. सांधा नवा बसवला आणि काम झाले. गंज सोडवणारे तेल मारून असा सांधा दोन दिवस हलका होतो, पण आतली बेअरिंगे खाल्लेली असतात. तेव्हा त्यावर विसंबू नये.

जुन्या पद्धतीची पेटी असलेल्या गाड्यांत आणखी एक प्रकार होतो. स्टेअरिंगला प्ले जास्त आहे म्हणून पेटीवरचा स्क्रू आवळतात. थोडा जादा आवळला गेला की बरोबर मध्यावर, म्हणजे गाडी सरळ चालताना, स्टेअरिंग आखडते आणि वळणानंतर परत येत नाही. प्ले टाय रॉडचा आणि शिक्षा पेटीला, असा तो न्याय आहे.

तेलावरची पॉवर

चालत्या गाडीला तेलाच्या दाबाने वळवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने १९२६ मध्ये ती गाडीत बसवून दाखवली होती. दुसऱ्या महायुद्धात लष्करी वाहनांत तिचा उपयोग झाला आणि १९५१ साली क्रायस्लर कंपनीने ती विक्रीच्या मोटारगाडीत आणली. आपल्याकडच्या जुन्या जीपना असली काही मदत नव्हती. त्या चालवणाऱ्यांचे दंड त्यामुळेच भरलेले असत, असे गमतीने म्हणतात.

रचना अवघड नाही. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. डबीतले तेल ओढून तो जाड नळीतून पेटीत दाबतो. आपण स्टेअरिंग ज्या बाजूला वळवू त्या बाजूला झडप उघडते आणि तेल दट्ट्याला ढकलते. पूर्ण फिरवलेल्या स्टेअरिंगला हा दाब अनेक गाड्यांत शंभर बारच्या घरात जातो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या सुमारे चाळीस पट. म्हणून स्टेअरिंग टोकाला नेऊन तिथेच दाबून धरू नये. पाच सेकंदांपेक्षा जास्त तर नाहीच. तेल तापते आणि पंप झिजतो.

अशा गाडीत प्रथम पट्टा पाहावा. सकाळी किंवा पावसात, स्टेअरिंग पूर्ण फिरवताना किंचाळण्याचा आवाज आला तर पट्टा ढिला किंवा गुळगुळीत झालेला आहे. नंतर तेल. डबीवर खुणा असतात, त्यांच्या दरम्यान पातळी हवी. हे तेल इंजिनात जळून संपत नाही. तेव्हा पातळी उतरली याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. नळ्यांचे सांधे, पंपाचा पुढचा भाग आणि रॅकच्या दोन टोकांचे घडीचे रबर पाहावे. ते रबर बोटांनी दाबल्यावर आत तेल डुचमळले तर रॅकचे सील गेलेले आहे. दर आठवड्याला तेल ओतत राहणे ही दुरुस्ती नव्हे.

तेलाचा रंग आणि वासही बोलतो. फेस आला असेल तर हवा शिरली आहे, दुधाळ दिसले तर पाणी किंवा हवा. काळे पडून करपल्याचा वास असेल तर ते फार दिवसांचे आहे आणि आत झीज चालू आहे. कोणते तेल घालायचे ते डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात असते. पुष्कळ गाड्यांना लाल रंगाचे एटीएफ चालते, काहींना वेगळे लागते. दोन्हींची मिसळ करू नये. आणि ब्रेक ऑइल तर चुकूनही नाही. ते स्टेअरिंगच्या सीलचा नाश करते, मग पंपापासून पेटीपर्यंत सगळेच उघडावे लागते.

उभ्या गाडीत जड, पण ॲक्सिलरेटर थोडा दिला की हलके, अशी खूण असेल तर पट्टा, तेल किंवा थकलेला पंप. एकाच बाजूला जड असेल तर पेटीच्या झडपेवर किंवा सीलवर संशय येतो. पंप बदलण्यापूर्वी दाब मोजणारे घड्याळ लावून पाहायला सांगावे. आणि हो, तेल परत नेणारी नळी आतून सुटली किंवा डबीतली जाळी गाळाने भरली, तरी पंप खराब असल्यासारखेच वाटते. जाळी धुऊन पंप वाचला तर वाईट काय?

तेल बदलल्यावर आतली हवा काढावी लागते. पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवावे आणि डबीतले तेल कमी होईल तसे भरत जावे. मग इंजिन सुरू करून पुन्हा सावकाश फिरवावे. घाईने इंजिन सुरू केले तर फेस होतो आणि गुरगुर राहते.

विजेवरची पॉवर

१९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या एका छोट्या गाडीत तेलाऐवजी विजेची मोटार बसवली गेली आणि आज आपल्याकडील बहुतेक नव्या गाड्यांत तीच पद्धत आहे. हिला तेल नाही, पंप नाही, पट्टा नाही. पण हिची सारी मदार बॅटरी आणि अल्टरनेटरवर. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना ही मोटार पन्नास अँपिअरहूनही अधिक वीज खेचू शकते. हेडलाइटच्या ५५ वॅटच्या एका बल्बला साडेचार-पाच अँपिअर लागतात, यावरून अंदाज यावा.

तेव्हा अशा गाडीत स्टेअरिंग जड झाले आणि समोर स्टेअरिंगच्या चित्राचा दिवा लागला, तर आधी बॅटरीची टोके साफ व घट्ट आहेत का पाहावे. चांगल्या बॅटरीचा दाब इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असतो. त्यानंतर फ्यूज आणि अर्थिंगची तार. उसाच्या राशीजवळ किंवा धान्याच्या खोलीलगत उभ्या गाडीत उंदरांनी वायरी कुरतडणे हे तर नेहमीचेच झाले आहे. अरुंद वाटेवर पुन्हा पुन्हा मागे-पुढे करून गाडी वळवली तर मोटार तापून मदत आपोआप कमी करते. गाडी बंद करून थोडा वेळ थांबले की ती परत येते, त्याला बिघाड समजू नये. कॅरिअर किंवा हूक वेल्डिंग करून घ्यायचा असेल तर आधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात. दिवा तसाच राहिला तर संगणक लावून दोष वाचता येईल अशा ठिकाणीच गाडी न्यावी. या मोटारीची खोलखाल रस्त्याकडेच्या मिस्त्रीचे काम नव्हे.

चालत्या गाडीत पॉवर गेली तर

पॉवर तेलाची असो वा विजेची, ती गेली तरी आपल्याकडील या गाड्यांत स्टेअरिंग आणि चाके दांड्याने जोडलेलीच राहतात. गाडी वळते, फक्त जोर लागतो. घाबरून किल्ली फिरवू नये. दोन्ही हातांनी घट्ट धरावे, वेग कमी करावा आणि कडेला थांबावे.

याच कारणासाठी घाट उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करण्याची सवय सोडलीच पाहिजे. आंबा घाट असो की फोंडा घाट, इंजिन बंद झाले की स्टेअरिंगची मदत जाते आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकची मदतही संपते. त्यात कोणी किल्ली काढून घेतली तर स्टेअरिंगला कुलूपच बसू शकते. वाचलेल्या डिझेलचा हिशेब पेल्यात मावेल एवढा असतो.

दुरुस्तीला गाडी देताना मिस्त्रीला आधी विचारावे की टाय रॉड पेटीपासून सोडवून पाहिले का. सोडवल्यावर चाके हाताने हलकी फिरली आणि पेटी एकटी जड राहिली, तरच पेटीचा दोष. बदललेला जुना भाग परत मागावा आणि पक्के बिल घ्यावे. टाय रॉड किंवा बॉल जॉइंट बदलले असतील तर त्यानंतर अलाइनमेंट करावीच लागते. गाडी ताब्यात घेताना मोकळ्या रस्त्यावर कमी वेगाने एक उजवे आणि एक डावे वळण घ्यावे आणि पकड सैल करून पाहावे. स्टेअरिंग दोन्हीकडून आपोआप मध्याकडे आले पाहिजे. तेलाची गाडी असेल तर शंभर किलोमीटर झाल्यावर डबीतली पातळी पुन्हा एकदा बघावी आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवावा. सकाळी त्यावर डाग नसला तर काम नीट झाले.